गालावरची संक्रांत

मराठीत मुका हा शब्द दोन कामं करतो आणि दोन्ही तोंडाशीच संबंधित आहेत. एक मुका बोलत नाही, दुसरा बोलू देत नाही. पापीचंही तसंच. कीर्तनकार बुवा 'अरे पापी माणसा' म्हणून गरजले की मागे बसलेली पोरं खुसखुसतात, कारण त्यांच्या घरी पाळण्यातल्या बाळाकडे दिवसातून दहा वेळा पापी मागितली जात असते. घेणारा पापी आणि देणारा मुका, अशी सोय भाषेनेच करून ठेवलेली आहे. अलीकडे शहरातून आलेला किस तर सरळ खोबऱ्याच्या आणि बटाट्याच्या पंगतीत जाऊन बसला, त्यामुळे तो उपासालाही चालतो. उरलं चुंबन. हा शब्द आमच्या माकणीत मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तो पेपरात असतो, कोर्टात असतो आणि आधी 'गगन' जोडलं की बिल्डरच्या जाहिरातीत असतो.

माकणी म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातलं, तेरणाकाठचं गाव. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण आमच्याकडे आहे. त्यामुळे पेपरात आमचं नाव पावसाळ्यात 'दरवाजे उघडले' आणि उन्हाळ्यात 'मृतसाठा' या दोन बातम्यांत येतं. गावाच्या नावात म आणि क आहे, मुक्यातही म आणि क आहे. यावरून कुणाला व्युत्पत्ती काढायची असेल तर काढू द्यावी. सोयाबीनच्या राशी झाल्यावर तशीही पारावर माणसं मोकळीच असतात.

शब्दांच्या बाबतीत मात्र आमचं गाव श्रीमंत असायला हवं होतं. १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. सरकारी भाषा उर्दू, आणि उर्दूत बोसा आहे. आपण ज्या इमारतीला गगनचुंबी म्हणतो, तिला ते फलकबोस म्हणतात. म्हणजे आभाळाचा मुका घ्यायला दोन्हीकडच्या इमारती तितक्याच उतावीळ. उमरग्यावरून पुढे निघालं की कर्नाटक लागतं. कन्नडमध्ये मुत्तु म्हणजे मोती आणि मुत्तु म्हणजेच मुका. इतका महागडा अर्थ शेजारच्या गावात असताना आपल्या वाट्याला मूकबधिर अर्थ यावा, याचं वाईट वाटतं. तेलुगूत त्याला मुद्दू म्हणतात. हैदराबाद ही आमची जुनी राजधानी, अजूनही आमची माणसं तिकडे दवाखान्याला आणि कामाला जातात. तिथल्या भर बैठकीत मराठी माणसाने हात वर करून 'आधी मुद्द्यावर या' असं जोरात म्हणू नये, एवढं तरी गावात सांगून ठेवायला पाहिजे.

पण मोती, मूक, पापी, बोसा यातला एकही शब्द आमच्या गावात प्रत्यक्षात जे चालतं त्याला पुरत नाही. त्याला नेमका शब्द आहे तो संस्कृतमध्ये. संक्रांतक. हा शब्द वात्स्यायनाच्या कामसूत्रात, सांप्रयोगिक नावाच्या दुसऱ्या अधिकरणात, चुंबनविकल्प या तिसऱ्या अध्यायात आहे. ज्यांनी हे पुस्तक कपाटाच्या मागच्या रांगेत लपवून ठेवलं आहे त्यांनी उठायची तसदी घेऊ नये, मी सांगतो.

वात्स्यायनाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं तो रसिक होता. मला तो तलाठी वाटतो. समोर कितीही रसरशीत प्रकार चाललेला असो, हा आपला दप्तर उघडून नोंद घेतो : क्षेत्र, दिशा, वहिवाट, शेरा. तोंडं समोरासमोर असली तर सम. तिरकी असली तर तिर्यक. हनुवटी धरून चेहरा वळवून घेतला तर उद्भ्रांत. दाब दिला तर अवपीडितक. झोपलेल्या प्रियकराचं तोंड न्याहाळून तिने मुका घेतला तर रागदीपन. तो कामात गढलेला आहे, भांडतो आहे किंवा भलतीकडेच बघतो आहे, म्हणून त्याचं लक्ष वळवायला तिने घेतला तर चलितक. आणि हा रात्री उशिरा आला, ती झोपलेली आहे आणि याने घेतला, तर प्रातिबोधिक. तिने अशा वेळी झोपेचं सोंग घ्यायला हरकत नाही, असाही शेरा त्याने मारून ठेवला आहे. शासनाच्या परिपत्रकातसुद्धा इतकी कलमं नसतात.

हे सगळं त्याने लिहिलं नागरकासाठी. नागरक म्हणजे शहरात राहणारा, खाऊनपिऊन सुखी गडी. जेवण झाल्यावर पोपट-मैनेला बोलायला शिकवणं हे त्याच्या दिनक्रमातलं काम. त्याचं घर कसं असावं हेही वात्स्यायनाने सांगितलं आहे : पाण्याजवळ, बागेसह, आणि शयनगृहं दोन. म्हणजे ज्याला आज पुण्यात टू बीएचके म्हणतात आणि ज्याच्यासाठी माणूस वीस वर्षं हप्ते भरतो, ते या पोपटवाल्याकडे आधीच होतं.

आता प्रातिबोधिक माकणीत करून बघा. शेवटची एसटी चुकली, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून हा साडेअकराला घरी पोचला. दिवस वैशाखाचे. अंगणात आडवी ओळ लागलेली : आजोबा, चुलते, दोन चुलतभाऊ, पाहुणा आलेला आत्याचा नवरा. आत बायकांची ओळ. लाइट गेलेली. या अंधारात वात्स्यायनाच्या भरवशावर जो पुढे सरकेल तो आजोबांना प्रतिबोधित करील, आणि आजोबांच्या उशाशी काठी असते.

पूर्वी घरं माळवदाची होती. भिंती दोन-दोन हात रुंद. पण भिंत रुंद असून उपयोग काय, घरात खोली एकच. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागातल्या लोकांनी माळवदाचा धसका घेतला आणि डोक्यावर पत्रे आले. पत्र्याच्या घरात कूस बदलली तरी शेजारी विचारतात, बरं नाही का. एकूण काय, दोन शयनगृहांचा प्रश्न आमच्याकडे दगडात सुटला नाही आणि पत्र्यातही सुटला नाही.

आणि तरीही माकणीत प्रेम होतं. नुसतं होत नाही, चारचौघांत होतं. सासऱ्यासमोर, जावेसमोर, पाहुण्यांसमोर. कसं, ते या संक्रांतकात आहे.

वात्स्यायनाची व्याख्या साधी आहे. जिच्यावर प्रेम आहे ती समोर असताना तिचा मुका न घेता एखाद्या लहान मुलाचा, चित्राचा किंवा मूर्तीचा घ्यायचा. पाठवायचा एकीला, पण उतरवायचा दुसऱ्याच्या गालावर. 'सम्' आणि 'क्रम्', म्हणजे ओलांडून पलीकडे जाणं. सूर्य धनूतून मकरेत गेला की संक्रांत, आणि मुका बापाकडून लेकराच्या गालावरून आईकडे गेला की संक्रांतक. धातू एकच. पराक्रम, आक्रमण, परिक्रमा हीसुद्धा याच घरातली भावंडं, आणि नव्या नवऱ्याच्या हातून पहिल्या वर्षी ही तिन्ही थोड्याफार प्रमाणात घडतात. मराठी माणूस मात्र संक्रांत म्हटलं की दोनच गोष्टी ओळखतो, तिळगूळ आणि संकट. नोकरीवर संक्रांत येते, अनुदानावर येते. गालावर आलेली संक्रांत रोज बघत असूनही तिला नाव कुणी दिलं नाही.

ती नीट बघायची असेल तर येळवसेला यावं. कॅलेंडरात तिला वेळा अमावस्या म्हणतात. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवार भरतं. शेतात कडब्याची कोप घालायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि आंबील यांचा समाचार घ्यायचा. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं दिवाळीला येवोत न येवोत, येळवसेला येतात. चाकणला कंपनीत असलेला मुलगा येतो, आणि बाळंतपण उरकून माहेराहून आलेली त्याची बायकोही असते. मधे तीन महिने गेलेले. दोघांमध्ये पंचवीस माणसं, एक बैलजोडी आणि आंबिलीचं मडकं.

लेकरू हातोहाती फिरत असतं. ते या हातातून त्या हातात जात जात बापाकडे येतं. बाप आधी इकडेतिकडे बघतो. मग लेकराच्या उजव्या गालाचा असा काही मुका घेतो की ते बिचारं दचकून रडायला लागतं. पलीकडे खीर वाढत असलेल्या सुनेच्या हातातली पळी थांबते. थोड्या वेळाने रडणारं लेकरू आईकडे पोचतं, आणि ती त्याला उगी करता करता मुका घेते. कुठल्या गालाचा? उजव्याच. पोच मिळाली. या परतीच्या टपालाची नोंद वात्स्यायनाच्या दप्तरात नाही, एवढी एक त्रुटी राहिली म्हणायची.

सासूला सगळं कळत असतं. ती एवढंच म्हणते, "आरं हळू रं, लेकरू हाय त्ये, भज्जी न्हाय."

तुम्ही म्हणाल, तो बापाचं लेकरावरचं प्रेम दाखवत असेल, त्यात काय एवढं. असेलही. पण मग बायको पाणी आणायला विहिरीवर गेली असताना तो लेकराकडे ढुंकूनही बघत नाही आणि ती दिसली की त्याला एकदम वात्सल्याचा उमाळा येतो, याचा खुलासा करावा.

खरं तर मुकाच का, आमच्याकडे नवराबायकोचं सगळंच संक्रांतक असतं. मूल होण्याआधी दोघांना एकमेकांना हाक मारायला नाव नसतं. 'अहो', 'ऐकलं का', नाहीतर खोकला. मूल झालं की तो पिंट्याचा बाप होतो आणि ती पिंट्याची माय. हाक पिंट्याच्या नावाने निघते आणि त्याला वळसा घालून पोचते. पाणी हवं असेल तर, "पिंट्या, तुझ्या मायला म्हन तांब्याभर पानी दे." पिंट्या सहा महिन्यांचा असतो, त्याला अजून एक शब्दही बोलता येत नाही, पण पाणी येतं. भांडण झालं की, "सांग तुझ्या बापाला, ताट वाढून ठेवलंय, गिळायचं तर गिळा म्हनावं." तेही पिंट्याच सांगतो. गावातल्या कित्येक संसारांची सगळी आवकजावक या एवढ्याशा जिवावरून चाललेली असते आणि त्याच्या हाती लागतो फक्त ओला गाल.

मूल नसेल तर? वात्स्यायनाने पर्याय दिलेत, चित्र किंवा मूर्ती. माकणीने त्यात बैलाची भर घातली. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाचा खांदा लोण्या-हळदीने चोळतात. बायकोचा हात चारचौघांत कधी धरला नाही असा धट्टाकट्टा माणूस त्या दिवशी बैलाच्या गळ्यात हात टाकतो, कपाळाला कपाळ लावतो आणि दोन्ही शिंगांच्या मधे मुका घेतो. बायको आरती घेऊन शेजारीच उभी. हा संक्रांतक आहे की निव्वळ बैल, याचा निकाल मी अजून लावू शकलेलो नाही. बायकोच्या चेहऱ्यावरून तो निव्वळ बैल असावा.

कामसूत्रात संक्रांतकाच्या शेजारीच आणखी एक प्रकार आहे, छायाचुंबन. तिची सावली किंवा प्रतिबिंब आरशात, भिंतीवर किंवा पाण्यात पडलं की त्याचा मुका घ्यायचा. इकडे माकणी एकदम सुसज्ज. पाणी धरणात आहे, निदान ज्या वर्षी असतं त्या वर्षी. दुष्काळात धरणाचा तळ उघडा पडतो, तेव्हा प्रेमिकांनी आरशावर भागवावं. भिंतीही भरपूर आहेत, फक्त त्यांच्यावर आधीच 'पाणी अडवा, पाणी जिरवा' लिहिलेलं असतं.

पण छायाचुंबनाचे खरे दिवस मोबाइलने आणले. नातू पुण्यात, आजी गावात. व्हिडिओ कॉल लागतो. नातवाचा चेहरा पडदाभर आला की आजीला राहवत नाही, ती पडद्याचाच मुका घेते. गाल नेमका लाल बटणाला लागतो आणि कॉल कटतो. आजीला वाटतं सून मुद्दाम ठेवते. सुनेला वाटतं आजीला दोन मिनिटं बोलायचासुद्धा कंटाळा. वात्स्यायनाने आरशाला, भिंतीला आणि पाण्याला ओठ लावायला सांगितले, कारण या तिन्हींना बटणं नसतात.

सिनेमावाल्यांनी तर या दोन प्रकारांवर अख्खा धंदा उभा केला. तशी सुरुवात धीट होती. १९३३च्या 'कर्मा'त बेशुद्ध पडलेल्या हिमांशु रायचा देविका राणीने मुका घेतला, आणि तो बराच वेळ चालला. वात्स्यायनाच्या दप्तराप्रमाणे ही नोंद रागदीपनात जाते, कारण नायकाचे डोळे मिटलेले होते. शिवाय दोघं खऱ्या आयुष्यात नवराबायको होते, त्यामुळे गावकऱ्यांनाही तक्रार करायला जागा नव्हती. पुढे मात्र पडदा सोवळा झाला. नायक-नायिका जवळ आले की कॅमेरा वळायचा आणि दोन फुलं एकमेकांवर आपटायची. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये आमच्या आधीच्या पिढीने प्रेमाचं जे काही शिक्षण घेतलं ते बरंचसं वनस्पतिशास्त्रातलं होतं. १९६९मध्ये न्यायमूर्ती खोसला समितीने सांगितलं की कथेची गरज असेल तर पडद्यावर चुंबन असायला हरकत नाही. तरी त्यानंतरही कित्येक वर्षं फुलांनाच राबावं लागलं. फुलं हे तर शुद्ध संक्रांतक. फक्त त्यांना विचारलं कुणीच नाही.

लेकरांनाही कुणी विचारत नव्हतं. आता डॉक्टर विचारतात. तान्ह्या बाळाचे मुके घेऊ नका, आपल्या तोंडातले जंतू त्याला सोसत नाहीत, असं हल्ली दवाखान्यातून घरी सोडतानाच सांगतात, आणि ते बरोबरच आहे. संक्रांत आणि संक्रमण हेही सख्खे भाऊ. एकाच धातूने प्रेम पोचवलं आणि पडसंही पोचवलं. हे दुखणं जुनं आहे. रोमचा सम्राट तिबेरियस याने रोज भेटल्यावर मुके घ्यायची चाल हुकूम काढून बंद केली होती. त्याच्याच काळात तिथल्या बड्या लोकांत हनुवटीवर चट्टे उठणारा एक रोग मुक्यांतून पसरल्याचं प्लिनीने लिहून ठेवलं आहे. माकणीत हुकूम काढायची गरज पडली नाही. सुनेने डॉक्टरचा कागद दाखवला आणि ओसरीवर शांतता पसरली.

ही शांतता मोडली आजीने. तिच्याकडे उपाय आधीपासूनच होता. तिने बाळाच्या हनुवटीला लांबून पाचही बोटं लावली आणि ती स्वतःच्या ओठांना टेकवून 'च्च' केलं. वर बाळावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, म्हणजे दृष्टही गेली. मुका झाला, बाळाला ओठ लागला नाही, डॉक्टरचा मान राहिला. बाळाचा गाल सोडून आपल्याच बोटांचा घ्यायचा हा जो दुहेरी संक्रांतक आहे, तो पोपटवाल्या नागरकाला सुचला नसता. बाप मात्र अडचणीत आला. त्याला कानशिलावर बोटं मोडता येईनात. मोडली तर लोक हसणार.

शिवाय या सगळ्या व्यवस्थेला मुदत आहे. लेकरू चार-पाच वर्षांचं झालं, अंगणवाडीत जायला लागलं, की एक दिवस मित्रांसमोर बाप पुढे होतो आणि ते तोंड फिरवतं. तरी गाठून घेतलाच, तर शर्टाच्या बाहीने गाल खसाखसा पुसतं. पुसलेला मुका आईपर्यंत कसा पोचणार? निरोप सांगायचंही ते नाकारतं. "तूच सांग ना," म्हणतं. मग घरात तांब्याभर पाण्यासाठी दोन-दोन तास खोकला चालतो.

अशाच एका येळवसेला जेवणं झाल्यावर आत्याबाई पानाचा डबा उघडतात आणि सुनेकडे बघून विचारतात, "मग, दुसरं कधी?" शहरातली माणसं हा प्रश्न भोचकपणात धरतात. मला तो मूलभूत सोयींविषयीचा प्रश्न वाटतो. आत्याबाईंनी गेली पाच वर्षं त्या एका गालावरची रहदारी कोपीच्या सावलीत बसून बघितलेली असते, आणि रस्ता बंद झालाय हे त्यांच्याइतकं कुणाला दिसलेलं नसतं.

सून मान खाली घालून भांडी गोळा करते. पिंट्या लांब बांधावर बोरं पाडत असतो. तिला उत्तर द्यायचं नसतं. ती उठते, धाकट्या जावेच्या मांडीवरचं सहा महिन्यांचं पोर उचलते आणि त्याच्या गालाचा सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा मुका घेते.

पलीकडे आंबील पीत बसलेल्या पिंट्याच्या बापाला जोराचा ठसका लागतो.

"पानी द्या रं त्याला कुनीतरी," आत्याबाई म्हणतात आणि पानाला चुना लावायला घेतात.